असून नसल्यासारखे

जमिनीचा सातबारा आणि प्रत्यक्ष जमीन या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे शेतकऱ्याला मुद्दाम सांगावे लागत नाही. उताऱ्यावर ऊस उभा असतो आणि शिवारात नुसती कुसळे असतात. उताऱ्यावर विहिरीचा पत्ता नसतो आणि मळ्यात पाट खळाळत असतो. तरीही कर्ज देणारा, जमीन विकत घेणारा आणि निवाडा करणारा हे सारे आधी उतारा पाहतात; कारण प्रत्येकाने बांधावर जाऊनच खात्री करावी म्हटले तर व्यवहार थांबतील. उतारा आणि जमीन यांची फारकत झाली की भांडणे सुरू होतात. आणि ती फारकत कोणी सद्हेतूने केलेली असली, तरीही होतात.

संगणकाच्या हृदयस्थानी असणाऱ्या प्रोसेसरचाही असाच एक उतारा असतो. इंटेल कंपनीने १९९३ साली पेंटियम हा प्रोसेसर बाजारात आणला, त्याच सुमारास 'सीपीयूआयडी' नावाची एक आज्ञा या घराण्याच्या प्रोसेसरांत रूढ झाली. ही आज्ञा म्हणजे प्रोसेसरला विचारलेला एक प्रश्नच होय: तू कोण, आणि तुला काय काय येते? उत्तर चार रजिस्टरांत मिळते. प्रथम निर्मात्याची बारा अक्षरी स्वाक्षरी येते, आणि पुढे बिटांच्या रांगाच्या रांगा. एकेक बिट म्हणजे एकेक सुविधा. बिट १ असला तर ती सुविधा आहे, ० असला तर नाही. हा प्रश्न विचारण्यास सामान्यतः कोणाची परवानगी लागत नाही, ही यातील ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट. संगणकावर चालणारा कोणताही लहानमोठा प्रोग्राम थेट प्रोसेसरला विचारू शकतो आणि मिळालेल्या उत्तरावर विसंबून आपला मार्ग ठरवू शकतो.

या प्रोग्रामांवर ज्याची देखरेख असते, त्याला कर्नेल म्हणतात. सैन्यातील अधिकाऱ्याशी या शब्दाचा संबंध नाही. बी फोडल्यावर आत जो गर निघतो, तो हा कर्नेल. कार्यप्रणालीचा हा गाभा स्मृतीची वाटणी करतो, प्रोसेसरवर कोणाची पाळी केव्हा ते ठरवतो आणि यंत्रसामग्रीच्या किल्ल्या आपल्या कनवटीला ठेवतो. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभिलेला लिनक्स हा अशा कर्नेलांपैकी आज जगभर सर्वाधिक वापरला जाणारा. त्याची संहिता कोणासही वाचता येते, म्हणून पुढील उदाहरणे बहुतेक त्यातली आहेत.

आता प्रश्न असा की, ज्या सुविधेसाठी पैसे मोजून प्रोसेसर घेतला, ती सुविधा झाकून ठेवण्याची वेळ कर्नेलवर का यावी? 'असून अडचण, नसून खोळंबा' अशी म्हण मराठीत आहे. तिच्या पूर्वार्धात याचे उत्तर सापडते. कधी ती सुविधा घडवतानाच सदोष निपजलेली असते. कधी ती स्वतः निर्दोष असून तिच्या वाटेने एका प्रोग्रामची गुपिते दुसऱ्याच्या हाती पडतात. कधी प्रोसेसर नवा असतो आणि कर्नेल जुना. त्याला त्या सुविधेचे भान राखता येत नाही. आणि क्वचित ती सुविधा लोकांना नकोशीच असते.

शेवटच्या प्रकारचे उदाहरण मोठे मनोरंजक आहे. १९९९ च्या प्रारंभी निघालेल्या पेंटियम ३ या प्रोसेसरात इंटेलने प्रत्येक नगावर ९६ बिटांचा स्वतंत्र अनुक्रमांक कोरला होता, आणि कोणताही प्रोग्राम तो सीपीयूआयडीद्वारे वाचू शकत असे. म्हणजे कोण, कोठून, काय वाचतो याचा माग काढण्याची आयतीच सोय झाली. यावरून गदारोळ उठला आणि पुढच्या पेंटियम ४ मध्ये हा अनुक्रमांक राहिला नाही. लिनक्सने मात्र तेवढी वाट पाहिली नाही. संगणक सुरू होताना कर्नेल एका विशेष रजिस्टरात एक बिट लिहून तो अनुक्रमांक बंद करू लागला; आणि ज्या उपक्रियेकडे हे काम सोपवले, तिचे नावच 'त्या मूर्ख अनुक्रमांकाला चिरडा' अशा अर्थाचे ठेवले गेले. ते नाव संहितेत अनेक वर्षे नांदले. नावातील राग बाजूला ठेवला, तर त्या चार ओळींतील शिस्त पाहण्यासारखी आहे. कर्नेल नुसता अनुक्रमांक बंद करून थांबत नाही. तो आपल्या तक्त्यातील त्या सुविधेची नोंद पुसतो. आणि अनुक्रमांक गेल्यामुळे सीपीयूआयडीला विचारता येणाऱ्या प्रश्नांची संख्याच घटण्याचा संभव असतो, म्हणून ती संख्याही प्रोसेसरला नव्याने विचारून घेतो. बंद करणे, नोंद पुसणे आणि त्या नोंदीवर आधारलेल्या इतर नोंदी दुरुस्त करणे, अशी ही तीन कामे आहेत. त्यांतील एक जरी राहिले, तरी काय घडते याचा धडा पुढे पंधरा वर्षांनी मिळाला.

तो धडा समजण्यासाठी आधी कुलपाची गोष्ट सांगितली पाहिजे. एकाच वेळी अनेक कामे करणाऱ्या प्रोग्रामात दोन हातांनी एकाच खात्यात नोंद करू नये म्हणून कुलूप असते. ज्याच्या हाती कुलूप, त्याने लिहावे, इतरांनी थांबावे. बहुतेक वेळा दोघांच्या नोंदी निरनिराळ्या पानांवर असतात, तरीही एकाला तिष्ठत बसावे लागते. इंटेलने २०१३ साली हॅसवेल या पिढीच्या प्रोसेसरांत 'टीएसएक्स' नावाची सुविधा आणली, ती हा खोळंबा टाळण्यासाठी. प्रत्येकाने कुलूप न घेताच खर्ड्यावर लिहावे. कोणाशी टक्कर झाली नाही तर सारा खर्डा एका झटक्यात खतावणीत उतरावा. टक्कर झालीच तर प्रोसेसरने खर्डा फाडून टाकावा आणि मग प्रोग्रामने जुन्या रीतीने कुलूप घेऊन काम करावे. यातील शेवटची अट महत्त्वाची आहे. खर्ड्याचा प्रयत्न यशस्वी होईल अशी हमी प्रोसेसर कधीच देत नाही. म्हणून प्रत्येक प्रोग्रामला कुलपाची जुनी वाट राखून ठेवावीच लागते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सी भाषेच्या ग्नू लायब्ररीच्या २.१८ या आवृत्तीत या सुविधेचा वापर आला. लिनक्सवरील बहुसंख्य प्रोग्राम या लायब्ररीवर उभे असतात, हे येथे लक्षात ठेवावे.

एका वर्षात, ऑगस्ट २०१४ मध्ये, इंटेलने जाहीर केले की, टीएसएक्समध्ये दोष आहे. दोष क्वचित प्रकटणारा असला तरी हिशेबाच्या वहीत क्वचित होणारी चूकही चूकच. प्रोसेसर विकले गेलेले, घरोघर आणि कचेऱ्यांत बसलेले. ते परत मागवण्याऐवजी कंपनीने मायक्रोकोडची दुरुस्ती प्रसृत केली. मायक्रोकोड म्हणजे प्रोसेसरच्या पोटातील सूचनांचा थर. तो वरून बदलता येतो, पण वीज गेली की नवा थर पुसला जातो आणि संगणक पुन्हा सुरू होताना परत भरावा लागतो. या नव्या थराने टीएसएक्स बंद झाले आणि सीपीयूआयडीतील त्याचे बिटही शून्य झाले. उतारा आणि जमीन यांचा मेळ बसला, असे कोणासही वाटावे.

परंतु मेळ बसला तो नव्याने विचारणाऱ्यापुरता. मायक्रोकोड चालू संगणकातही भरता येत असे, आणि महिनोन्महिने न थांबणाऱ्या संगणकांच्या रखवालदारांना ती सोय वाटे. आता स्थिती पाहा. एखादा प्रोग्राम सकाळी सुरू झाला. लायब्ररीने त्याच्या वतीने प्रोसेसरला विचारले. टीएसएक्स आहे, असे खरे उत्तर मिळाले. ते उत्तर तिने एकदाच टिपून ठेवले, कारण प्रत्येक कुलपापाशी पुन्हा विचारणे म्हणजे वेळेचा अपव्यय. दुपारी नवा मायक्रोकोड भरला गेला. आणि पुढच्याच कुलपापाशी त्या प्रोग्रामने टीएसएक्सची आज्ञा उच्चारताच प्रोसेसर म्हणाला, ही आज्ञा मला ठाऊक नाही. अज्ञात आज्ञा उच्चारणाऱ्या प्रोग्रामला कर्नेल जागच्या जागी संपवतो; तो नियमच आहे. अशा रीतीने, ज्यांचा काडीमात्र अपराध नव्हता असे प्रोग्राम कोसळू लागले. त्यांनी विचारले होते, उत्तर खरे होते, उत्तराप्रमाणे ते वागले होते. सकाळी वाटसरूला पूल दाखवावा आणि तो पुलापाशी पोहोचण्यापूर्वी पूल पाडावा, तसे झाले. पूल पाडणे चूक नव्हते, तो धोक्याचाच होता. चूक होती ती पाडण्याच्या वेळेची.

उपाय होता आणि तो आधीच तयार होता. एप्रिल २०१३ मध्ये निघालेल्या लिनक्सच्या ३.९ या आवृत्तीत इंटेलचा मायक्रोकोड अगदी आरंभीच, कर्नेल डोळे उघडत असतानाच, भरण्याची सोय आली होती. लिनक्सच्या वितरकांनी या घटनेनंतर तिचा अवलंब केला. कोणी लायब्ररीलाच अशा प्रोसेसरांवर टीएसएक्स वापरू नकोस असे बजावले. ज्याला काही झाकायचे असेल त्याने पहिला प्रश्न विचारला जाण्यापूर्वी झाकावे, हे सूत्र तेव्हापासून कर्नेल लिहिणाऱ्यांच्या अंगवळणी पडले. आजही चालू संगणकात मायक्रोकोड भरण्याचा आग्रह कोणी धरलाच, तर अलीकडचे लिनक्स सामान्यतः स्वतःवर 'डाग' लागल्याची नोंद करून ठेवते. या डागाचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

टीएसएक्सचे दैव एवढ्यावर संपले नाही. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी असे उघड झाले की, पुढच्या पिढ्यांच्या अनेक प्रोसेसरांत खर्डा फाडला जाण्याच्या ओझरत्या क्षणी आतील कप्प्यांत रेंगाळणारी दुसऱ्याची माहिती चोरता येते. पुन्हा तीच सुविधा बंद करण्याची वेळ आली. पण या वेळी इंटेलने दिलेल्या मायक्रोकोडमध्ये पूर्वीच्या अनुभवाचे शहाणपण उतरलेले दिसते. त्याने एक नवे नियंत्रक रजिस्टर दिले आणि त्यात दोन निरनिराळे बिट ठेवले. एक बिट लिहिला की टीएसएक्सचा प्रत्येक प्रयत्न तत्क्षणी फसतो. दुसरा बिट लिहिला की सीपीयूआयडीच्या उताऱ्यातून ती सुविधा नाहीशी होते.

पहिल्या बिटातील शब्दयोजना काळजीपूर्वक पाहावी. प्रयत्न फसतो, आज्ञा अज्ञात ठरत नाही. जुने उत्तर उराशी धरून बसलेला प्रोग्राम आला, त्याने खर्ड्यावर लिहिण्याचा प्रयत्न केला, तर प्रोसेसर तो खर्डा फाडतो आणि प्रोग्राम मुकाट्याने कुलपाच्या जुन्या वाटेला लागतो; ती वाट त्याने पूर्वअटीनुसार राखलेलीच असते. पूल पाडलेला नाही. पुलाच्या तोंडाशी एक माणूस उभा केला आहे आणि तो येणाऱ्या प्रत्येकाला दुसऱ्या रस्त्याकडे वळवतो आहे. कोणी नदीत पडत नाही. मग दुसरा बिट कशाला? लिनक्सच्या संहितेतच याचा खुलासा आहे: ज्या प्रयत्नाला कधीच यश येणार नाही, तो करण्यात प्रोग्रामांनी वेळ दवडू नये म्हणून. म्हणजे बंद करणे हे सुरक्षेसाठी आणि लपवणे हे सौजन्यासाठी. त्याच महिन्याच्या २४ तारखेला निघालेल्या लिनक्स ५.४ मध्ये, जेथे हे रजिस्टर उपलब्ध आहे तेथे, टीएसएक्स चालू ठेवावे, बंद करावे की प्रोसेसर पाहून ठरवावे, हे संगणकाच्या मालकाला आरंभीच सांगता येऊ लागले. २०२१ मध्ये आणखी काही प्रोसेसरांवर मायक्रोकोडनेच सारे प्रयत्न कायमचे फसते केले. तेव्हा 'येथे नेहमी फसेल' असे सांगणारा एक स्वतंत्र बिटही सीपीयूआयडीत आला. आपल्या अपयशाची आगाऊ ग्वाही देणारी ही सुविधा विरळाच म्हणावी लागेल!

याच्या उलट प्रकार एएमडी कंपनीच्या काही प्रोसेसरांत घडला. 'आरडीरँड' ही आज्ञा प्रोसेसरकडून यादृच्छिक संख्या मागून घेते, म्हणजे कोणालाही आधी ओळखता येणार नाही अशी संख्या. गुप्तलिपीच्या किल्ल्या अशा संख्यांतून घडतात. संख्या ओळखीची निघाली तर किल्ली चोराच्या खिशात असल्यासारखीच. एएमडीच्या १५एच आणि १६एच या कुळांतील काही संगणक निद्रेतून जागे झाल्यावर ही आज्ञा प्रत्येक वेळी एकच संख्या देऊ लागली, जिचे सारे बिट १ आहेत अशी. आणि संख्या देताना काम यशस्वी झाल्याचे निशाणही फडकावू लागली. अपयश कबूल करणारे यंत्र परवडते. यश मिरवणारे बिघडलेले यंत्र परवडत नाही. मूळ दोष निद्रेतून जागे करणाऱ्या फर्मवेअरचा होता. जागे करताना जी पावले टाकावयाची, ती तो टाकत नव्हता.

ऑगस्ट २०१९ मध्ये लिनक्समध्ये यावरचा तोडगा आला. या कुळांच्या एका विशेष रजिस्टरातील बिट पुसला की सीपीयूआयडी स्वतःच सर्वांना सांगते, आरडीरँड येथे नाही. कर्नेलला तेच उत्तर, लायब्ररीला तेच, सामान्य प्रोग्रामला तेच. पण आज्ञा मात्र जिवंत ठेवली. कारण असे की, काही प्रोग्राम उतारा पाहतच नाहीत. प्रोसेसरचे कूळ पाहून, अमक्या कुळात ही आज्ञा असतेच, असे अनुमान बांधतात. आज्ञाच काढून टाकली असती तर ते कोसळले असते. आता ते निदान चालतात, भले संख्या संशयास्पद का असेना. हा निर्णय सर्वांना रुचेल असे नाही. चुकीच्या किल्लीने कुलूप लावणाऱ्या प्रोग्रामपेक्षा कोसळलेला प्रोग्राम बरा, असा युक्तिवाद करता येतो आणि त्यात तथ्य आहे. पण उतारा न पाहता व्यवहार करणाऱ्याची जबाबदारी सर्वस्वी कर्नेलने शिरावर घ्यावी, हेही रास्त नव्हे. ज्याला आपल्या फर्मवेअरबद्दल खात्री असेल, त्याच्यासाठी ही सुविधा सक्तीने उघडी ठेवण्याचा मार्ग ठेवला गेला.

येथवर सांगितलेल्या प्रकरणांत प्रोसेसरने स्वतःचा उतारा बदलण्याची किल्ली कर्नेलच्या हाती दिलेली होती. ती नेहमीच मिळते असे नाही. मिळत नाही तेव्हा कर्नेलला फक्त आपला स्वतःचा तक्ता बदलता येतो. लिनक्स आरंभी सीपीयूआयडीचे सारे बिट वाचून स्मृतीत असा तक्ता मांडतो आणि पुढे प्रोसेसरला पुन्हा न विचारता त्याकडे पाहतो. या तक्त्यातील बिट पुसणे सोपे दिसते, पण त्यात दोन अडचणी आहेत.

पहिली नात्यागोत्याची. प्रोसेसरच्या सुविधा एकमेकींच्या खांद्यावर उभ्या असतात. २०११ च्या आरंभी आलेल्या 'एव्हीएक्स' या सुविधेने २५६ बिटांची रुंद रजिस्टरे दिली. एका प्रोग्रामची पाळी संपून दुसऱ्याची आली की कर्नेलने ही रजिस्टरे जपून ठेवून परत भरली पाहिजेत. नाहीतर एकाचे आकडे दुसऱ्याच्या हिशेबात मिसळतील. जपून ठेवण्याचे हे काम 'एक्ससेव्ह' नावाची सुविधा करते. सुदैवाने येथे इंटेलने दुहेरी कुलूप ठेवले होते: मी ही रजिस्टरे सांभाळीन असे कर्नेलने एका नियंत्रक रजिस्टरात लिहून दिल्याशिवाय एव्हीएक्सच्या आज्ञा चालतच नाहीत, आणि सज्जन प्रोग्रामने एव्हीएक्सच्या बिटाबरोबर कर्नेलची ही हमीही तपासावयाची असते. आता कोणी एक्ससेव्ह झाकले पण एव्हीएक्स उघडे ठेवले तर? पाया काढून भिंत ठेवल्यासारखे होईल; आणि कर्नेलचाच एखादा भाग तक्त्यात एव्हीएक्स पाहून रुंद रजिस्टरांना हात घालील. पूर्वी प्रत्येक सुविधा झाकणाऱ्याने तिचे आश्रित आठवून आठवून पुसावयाचे असत, आणि आठवणीवर सोपवलेले काम कधीतरी राहून जाणारच. जानेवारी २०१८ मध्ये निघालेल्या लिनक्स ४.१५ पासून कर्नेलमध्ये यांची वंशावळच लिहून ठेवली गेली. एक्ससेव्ह गेले की एव्हीएक्स जाते, त्यापाठोपाठ एव्हीएक्स २, आणि त्यावर उभे असलेले एव्हीएक्स ५१२. एक पुसला की कर्नेल सारी शाखा धुंडाळतो.

दुसरी अडचण पुन्हा काळाची. कर्नेल आपला वेग वाढवण्यासाठी आरंभी एकदा तक्ता पाहतो आणि त्यानुसार स्वतःच्याच संहितेतील आज्ञा बदलून घेतो. जेथे चांगली आज्ञा उपलब्ध तेथे ती, अन्यथा जुनी. हे शिवणकाम झाल्यानंतर तक्त्यातील बिट पुसला, तर तक्ता म्हणतो नाही आणि शिवलेली आज्ञा मात्र धडधडीत वापरात राहते. टीएसएक्सच्या वेळी जे लायब्ररीचे झाले, तेच कर्नेलचे स्वतःच्या घरात होऊ शकते. म्हणून आता शिवणकामानंतर कोणी बिट पुसू लागले तर कर्नेल मोठ्याने इशारा देतो. शिवाय एका यंत्रात अनेक प्रोसेसर असतात आणि काही उशिरा जागे होतात. एकावर झाकलेली सुविधा उशिरा आलेल्याने उताऱ्यावर मिरवू नये म्हणून 'झाकलेल्यांची यादी' वेगळी ठेवली जाते, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या तक्त्यावरून ती फिरवली जाते.

मोबाईल फोनांत वापरल्या जाणाऱ्या आर्म प्रोसेसरांनी या बाबतीत अधिक सोयीचा पाया घातला होता. २०११ साली आर्मने थोर आणि लहान असे दोन जातींचे गाभे एकाच चकतीवर नांदवण्याची कल्पना जाहीर केली. एखादा प्रोग्राम थोर गाभ्यावर असताना विचारेल आणि क्षणात लहान गाभ्यावर ढकलला जाईल. थोराकडून मिळालेले उत्तर लहानाकडे कसे चालावे? पण आर्ममध्ये ओळखीची रजिस्टरे सामान्य प्रोग्रामला थेट वाचता येत नाहीत. तो प्रयत्न कर्नेलच्या हाती येऊन अडकतो. २०१७ च्या एप्रिलअखेर निघालेल्या लिनक्स ४.११ पासून कर्नेल अशा प्रश्नाचे उत्तर स्वतः देतो, आणि ते कोणत्याही एका गाभ्याचे नसून साऱ्या गाभ्यांना मानवेल असे, गाळून घेतलेले असते. इंटेलच्या बाजूलाही आयव्ही ब्रिज या पिढीपासून सीपीयूआयडी विचारणाऱ्याला कर्नेलकडे वळवण्याची सोय आहे, आणि २०१७ च्या जुलैमध्ये निघालेल्या लिनक्स ४.१२ ने ती प्रोग्रामांना खुली केली. मात्र ती ज्याने मागितली त्याच्यापुरतीच चालते. सर्वांवर सरसकट लादली जात नाही.

लिनक्समध्ये 'सीपीयूइन्फो' नावाची एक आभासी फाईल असते. तीत प्रोसेसरच्या सुविधांची नावे एकापुढे एक लिहिलेली आढळतात आणि पुष्कळ लोक तिलाच मूळ उतारा समजतात. ती तशी नाही. कर्नेलच्या तक्त्याची ती नक्कल आहे, आणि तीही अपुरी. तीत नाव आढळले तर ती सुविधा कर्नेलला ठाऊक आहे आणि चालू आहे, असे समजावे अशी अपेक्षा आहे. न आढळले तर त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. पण ही अपेक्षाही भंग पावल्याची उदाहरणे आहेत. कर्नेल संकलित करतानाच एखाद्या सुविधेचा भाग वगळला, तर संहितेतील काही ठिकाणी 'नाही' हे उत्तर पक्के कोरले जाते. आणि तक्त्यातील बिट मात्र प्रोसेसरने सांगितल्याप्रमाणे १ च राहतो. एकाच कर्नेलला एकच प्रश्न दोन दारांनी विचारला तर दोन उत्तरे मिळतात, आणि फाईलीत वगळलेल्या सुविधेचे नाव झळकते. यावरचा उपाय उघड आहे: संकलनाच्या वेळीच वगळलेल्यांची यादी बनवावी आणि आरंभी तक्ता मांडताच ती त्यातून पुसावी. उपाय उघड असूनही हा प्रश्न दीर्घकाळ पडून राहिला, याचे कारण बहुधा असे की, त्याने कोणाचा प्रोग्राम कोसळत नव्हता. फक्त फाईल वाचणाऱ्या माणसाची दिशाभूल होत होती.

राहता राहिला संगणकाचा मालक, ज्याला स्वतःच्या हाताने एखादी सुविधा झाकावयाची आहे. त्याच्यासाठी लिनक्सने आरंभी देण्याचा 'क्लिअरसीपीयूआयडी' हा पर्याय ठेवला आहे. त्याने दिलेले नाव कर्नेलच्या तक्त्यातून आणि त्या फाईलीतून पुसले जाते, पण थेट प्रोसेसरला विचारणाऱ्या प्रोग्रामला ती सुविधा पूर्वीसारखीच दिसत राहते. एखादी आवश्यक सुविधा झाकली गेली तर कर्नेल भलतेच वागू लागेल, असा इशाराही कर्नेलच्या दस्तऐवजात दिलेला आहे. अलीकडच्या आवृत्त्यांत हा पर्याय वापरताच कर्नेल स्वतःवर तो मघाचा डाग लावून घेतो. पुढे संगणक बिघडला आणि तक्रार कर्नेल लिहिणाऱ्यांकडे गेली, तर तिच्यासोबतच्या नोंदीत तो डाग त्यांना दिसतो, आणि या यंत्राचा तक्ता कोणीतरी हाताने बदलला होता हे त्यांना कळते.